दुसरी वेलांटी

अंबादास सरांना राग आला की ते शेंगा फोडायचे. टेबलावर भाजलेल्या शेंगांची पुडी कायम असायची. समोरचं गिऱ्हाईक जसजसं अक्कल पाजळायला लागे, तसतसा टरफलांचा ढीग वाढत जाई. ढीग माउसपर्यंत आला की आम्ही ऑफिसातली मंडळी समजून जायचो, हा माणूस आता जिना उतरणार. तोंडानं मात्र सर गोडच असायचे. "करू की," म्हणायचे. "तुमच्या मनासारखं करू की, पण दुसरीकडं."

सात रस्त्याजवळ एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दारावर नुसतं 'गड्डम' एवढंच लिहिलेलं. गड्डम काय करतात हे खाली लिहायची सरांना गरज वाटली नव्हती, त्यामुळे महिन्यातून एखादा तरी माणूस सुजलेला गाल धरून आमच्याकडे वर यायचा. सर त्याला बसवायचे, पाणी द्यायचे आणि मग खाली पाठवायचे. म्हणायचे, "हितं बी दात पाडतेत, पण गिऱ्हाइकाचे न्हाय. माझे."

मी तिथं मराठी मजकूर तपासायला म्हणून लागले आणि हळूहळू सगळंच करायला लागले. मी बार्शीची, म्हणून माझं नाव बार्शी. "ए बार्शी, हितं ये की. हा रंग बघ की. डोळे कुटं ठिवून आलीस?" माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

काम म्हणाल तर टॉवेलची लेबलं, लग्नपत्रिका, औषधांच्या दुकानाच्या पिशव्या, आणि सगळ्यात जास्त वाढदिवसाचे फ्लेक्स. सोलापुरात ज्याचा वाढदिवस चौकात लागत नाही तो जन्मलाच नाही, असा हल्लीचा हिशेब आहे. एकदा एक तरुण कार्यकर्ता आला. त्याला फ्लेक्सवर वर नेते, मधे तो, खाली मित्रमंडळ, बाजूला शुभेच्छुक, असे सगळे चेहरे हवे होते. सरांनी तो म्हणाला तसं केलं, नमुना छापून भिंतीला लावला आणि त्याला विचारलं, "ह्यात वाढदिवस कुणाचा हाय?"

"माझा की, सर."

"मग तुमी कुटं हायसा?"

त्यानं खरोखरच पुढं वाकून स्वतःला शोधायला सुरुवात केली. सापडल्यावर त्याला इतका आनंद झाला की फ्लेक्स तसाच छापायला सांगून तो निघून गेला. सर बराच वेळ त्या भिंतीकडं बघत बसले. मग म्हणाले, "बार्शी, आयुष्यात एक तरी बोर्ड असा करायचाय, जो बोलंल. हे सगळे मुके हायत. नुसती तोंडं."

गिऱ्हाईक नसताना ते असं काहीतरी बोलायचे, आणि लगेच शेंगांकडं वळायचे.

त्यांचे वडील चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होते. घरात तेलुगू, गल्लीत दख्खनी, शाळेत मराठी. वडिलांची बोटं कधी स्वच्छ झालीच नाहीत, असं सर सांगायचे. "मेल्यावर आंगोळ घातली, तरी नखं निळीच," हे ते अगदी सहज सांगायचे, ऊन आहे म्हणावं तसं. त्यावरूनच त्यांचं ते वाक्य आलं असावं, जे त्यांनी मला निदान शंभरदा ऐकवलं, "डोळ्याला दिसला तो रंग न्हवं. बोटाला लागला पायजे."

पुण्यात एका जाहिरात कंपनीत ते काही वर्षं होते. त्याबद्दल ते एकदाच बोलले. मीच खोदून विचारलं होतं म्हणून. तिथं पहिल्या महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकासमोर ते म्हणून गेले, "बघा की साहेब, रंग कसा उठलाय की!" खोलीतले सगळे हसले. त्या दिवसापासून ऑफिसात त्यांचं नाव पडलं 'की-की'. कॅन्टीनमध्ये की-की, जिन्यात की-की. साहेबानं बोलावून प्रेमानं सांगितलं, तुमचं काम उत्तम आहे, गिऱ्हाइकासमोर फक्त बोलू नका. चित्र तुम्ही धरा, बोलू आम्ही.

"मग धरली की," सर म्हणाले. "काई वर्षं मी तितं खुंटी होतो. चितरं अडकवायची."

सोलापुरात परतल्यावर या माणसानं 'की' हा शब्द जाणूनबुजून वाक्यावाक्यात लावायला सुरुवात केली. आपण सगळेच इथं 'की' बोलतो, पण तो आपल्या तोंडून आपोआप येतो. सर तो लावायचे. बँकेत, कलेक्टर ऑफिसात, मुलीच्या सासरी, जिथं लोक जरा जपून बोलतात तिथं हटकून दोन जास्त. मला हा हट्ट पोरकट वाटायचा. आता वाटत नाही.

मल्लूअण्णा आमच्याकडे आला तो उन्हाळ्यात. मूळ अक्कलकोटकडचा. नवी पेठेत कापडदुकानांच्या मागच्या बोळात त्याच्या आईची जुनी खाणावळ होती. कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी, एक भाजी, बास. अण्णाला आता मोठ्या रस्त्यावर चांगलं हॉटेल काढायचं होतं. पोराटोरांनी यावं, गप्पा ठोकाव्यात, फोटो काढावेत, खिशाला परवडावं असं. जेवण आईचंच, थाट नवा. नावही त्यानं ठरवून आणलेलं होतं, 'रॉयल किचन'. वर मुकुट, मुकुटाच्या दोन्ही बाजूंना काटा आणि चमचा.

ढीग माउसपर्यंत आला. पण सर या वेळी "दुसरीकडं" म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "अण्णा, तुमच्या आईची खाणावळ चालू हाय का अजून?"

"हाय की. ती बंद करू देत न्हाय."

"मग आधी जेवू की. मुकुट मागनं बघू."

त्यानंतर सर रोज दुपारी नवी पेठेत जायला लागले, आणि मलाही ओढून न्यायला लागले. बोळात चार बाकं. चुलीपाशी गौराव्वा, अण्णाची आई. सगळे तिला अव्वा म्हणायचे. तिची भाषा कन्नड. मराठी ती कामापुरतं बोलायची, आणि तिचं काम वाढणं हेच असल्यामुळे तिच्या मराठीतले निम्मे शब्द वाढण्याचेच होते. ती भांडं घेऊन पानाशी यायची, कमरेत पार वाकायची आणि म्हणायची, "घे की." सर ताटावर हात आडवा धरायचे आणि तिच्या भाषेत म्हणायचे, "साकु अव्वा, साकु." साकु म्हणजे पुरे. अव्वाला हा शब्द तिच्या स्वतःच्या भाषेतला असूनही कळत नसे. ती तशीच वाकून उभी राहायची. हात निघेपर्यंत. "घे की रे. एवढं काय हुतंय? घे की."

तेलुगू आईचा मुलगा आणि कन्नड आई. दोघांच्यात मराठीचा पूल, आणि त्या पुलावर येणंजाणं सगळं त्या एका 'की'चं. हे मला तेव्हा दिसलं नाही. सरांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. ते नंतर नुसतं खायला येत होते.

एके दिवशी त्यांनी अण्णाला बोलावलं. भिंतीवर एकच कागद लावलेला. लाल जमीन, त्यावर काळी जाडजूड अक्षरं, 'घे की'. 'घे' बेताचा, आणि 'की' एवढा मोठा की कागदात मावत नव्हता. ना ताट, ना वाफ, ना मिशीवाला आचारी. अण्णा बघतच राहिला.

"मुकुट?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"काटा-चमचा तरी?"

"अव्वाच्या हितं काट्यानं भाकरी खातेत का?"

सर उठले आणि 'की'च्या दुसऱ्या वेलांटीवर बोट ठेवलं. ती दांडी नेहमीसारखी ताठ नव्हती. खालून रुंद होती, लुगड्याच्या घेरासारखी, वर निमुळती होत गेलेली, आणि मग 'क'वर अशी वाकलेली की 'क' म्हणजे कुणीतरी पानावर बसलेलं आहे.

"ही कोण हाय, अण्णा?"

अण्णानं पाहिलं. खाली मान घातली, पुन्हा पाहिलं. "अव्वा," तो म्हणाला, आणि धडधाकट माणूस शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागला. मी हे मुद्दाम सांगते आहे. त्याला कळलं नव्हतं असं उद्या कुणी म्हणू नये. त्याला पुरतं कळलं होतं.

मग सरांनी जो धुमाकूळ घातला तो विचारू नका. मेनूकार्ड, पिशव्या, वाढप्यांचे सदरे, हात पुसायचे कागद, रस्त्यावरचा मोठा बोर्ड, सगळीकडं तोच लाल आणि तोच काळा. तिसरा रंग घालायची कुणाची हिंमत नव्हती. लाल कोणता, यावर प्रेसमध्ये रामायण झालं. प्रेसवाले सादिकभाई आमचे जुने. त्यांनी रंगाचा नंबर मागितला. सरांनी खिशातून पुडी काढली आणि अव्वाची शेंगाचटणी त्यांच्या स्वच्छ पांढऱ्या प्रूफवर ओतली. तेल भराभर पसरलं.

"हा लाल."

"सर, नंबर बोलो, नंबर," सादिकभाई कळवळून म्हणाले. "चटनी कू नंबर नै रहता."

"बोट लावा की तिला. बोटावर दिसतोय त्यो."

सादिकभाईंनी बोट लावलं, आणि मग ते बोट चाखलं. त्या दिवशी प्रेसमधली सगळी चटणी संपली. रंग मात्र दुसऱ्या दिवशी अगदी तसाच उतरला, जरासा तेलकट, जरासा काळपट, बघूनच ठसका लागावा असा.

मेनूकार्डं छापून आली तेव्हा मागच्या बाजूला प्रेसमधल्या कुणीतरी नाव नव्यानं टाइप केलेलं होतं, 'घे कि'. पहिली वेलांटी. ही चूक महाराष्ट्रात घरोघरी होते, दुकानांच्या पाट्यांवर होते, मास्तरांच्या हातूनही होते. मी तपासणारी, बोलणी मलाच बसणार होती. सर मात्र ओरडले नाहीत. त्यांनी कार्ड अण्णासमोर धरलं.

"ही बाई पानाच्या अलीकडं दारात हुबी हाय. ही वाढायला आलेली न्हाय. हा कधी उठतोय म्हणून वाट बघायलीय."

"सर, कोण बघतंय वेलांटी?" अण्णा हसत म्हणाला.

"तुमची आई दारातनं वाढायची का?"

अण्णाचं हसू गेलं. सगळी कार्डं रद्दीत गेली आणि सादिकभाईंनी बडबड करत नवी छापून दिली.

हॉटेल धडाक्यात चाललं. एका निवृत्त गृहस्थांनी आत येऊन तक्रार केली की वाढपी 'घ्या की' म्हणतात ते ठीक, पण बोर्ड आम्हाला एकेरी बोलतो. सर तिथंच होते. "आई अहो-जाहो करती का?" त्यांनी विचारलं. गृहस्थ विचारात पडले आणि जेवायला बसले. कॉलेजची पोरं त्या मोठ्या 'की'खाली वाकून, वेलांटीसारखी कमरेत मोडून, फोटो काढायची. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. आणि संध्याकाळी ऑफिस सुटलं की सर रस्त्याच्या पलीकडं, एका टायरच्या दुकानासमोर, शेंगांची पुडी घेऊन उभे राहायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर थांबले. ते बोर्डाकडं बघतच नव्हते. बोर्डाकडं बघणाऱ्यांच्या ओठांकडं बघत होते. मोटरसायकलवर बापामागं बसलेली एक चिमुरडी ओरडली, "घे की!" आणि बापानं मागं न बघता विचारलं, "काय घिऊ?"

सर हसून हसून वाकले. "बघ की बार्शी," ते म्हणाले, "तिनं वाचला न्हाय बोर्ड. बोलली की!" त्या संध्याकाळी शेंगा त्यांनी रागानं फोडल्या नाहीत, नुसत्या खाल्ल्या.

माणसाला एवढंच पुरतं. पण गिऱ्हाइकाला पुरत नाही.

अण्णाला पुण्यात शाखा काढायची होती. त्यासाठी त्यानं तिथला कुणी सल्लागार धरला. सल्लागारानं सोलापूरला यायचे कष्ट घेतले नाहीत. त्याला नाव कागदावर रोमन लिपीत मिळालं होतं, तेवढं त्याला पुरलं. काही महिने आम्हाला अण्णाचा फोन नाही. मग एका सकाळी तो स्वतः आला. हातात पेढे, बगलेत मोठी गुंडाळी. चेहरा फुललेला. मला वाटलं, लग्नबिग्न आहे घरात.

"सर, बघाच तुमी!" म्हणत त्यानं गुंडाळी टेबलावर उलगडली.

पांढरी जमीन. त्यावर सोनेरी किल्ली. जुन्या तिजोरीला असते तशी, नक्षीदार. तिच्या दात्यांतून पिवळा थेंब ओघळत होता. खाली इंग्रजीत आणि बारीक मराठीत नाव, 'द घी की'.

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. त्या माणसानं 'घे'चं तूप केलं होतं आणि 'की'ची किल्ली. आमच्याकडं कडक भाकरीवर तेल घेतात, तूप नव्हे, हे त्याला सांगायला कुणी नव्हतं. किंवा होतं, आणि ते समोर बसून मान डोलवत होतं.

"अण्णा, ही किल्ली आहे!" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"व्हय की मॅडम! की म्हंजे किल्लीच की. इंग्लिशमधी." आणि मग सरांकडं वळून, समजूत घालावी तसं, "सर, तुमचीच हाय. तुमची की काढली न्हाय आमी. ठिवली. फकस्त तिला इंग्लिश केलं. आन् वेलांट्या बघा, आता दोन दोन झाल्या!"

आमचा 'की' इतके दिवस 'तो' होता. त्या सकाळी अण्णाच्या तोंडून तो पहिल्यांदा 'ती' झाला. मजकूर तपासायची सवय, म्हणून मला हे आधी ऐकू आलं.

सर किल्लीकडं बघत होते. अण्णाला वाटलं, ते निरखतायत. त्याला आणखी हुरूप आला. "लई मोठी मीटिंग झाली सर पुण्यात. त्यास्नी तुमचा जुना बोर्ड दाखवला. त्यो सल्लागार काय म्हणला म्हाईत हाय का? म्हणला, हे की-की काय आहे हो? सगळी हसली, सर. लई हसली." आणि आठवून त्याला पुन्हा हसू आलं. "मी बी हसलो."

अण्णाला सरांची पुण्याची गोष्ट माहीत नव्हती. ती फक्त मला माहीत होती. मी सरांच्या हाताकडं पाहिलं. हात शेंगांच्या पुडीपर्यंत गेला. तिथं थांबला. आणि रिकामा परत आला.

"चांगली आहे," सर म्हणाले.

मी पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले. तो आला नाही. 'हाय'ही नाही. आहे. चांगली आहे. अण्णानं पेढा पुढं केला. सरांनी घेतला, खाल्ला आणि रुमालाला बोटं पुसली.

मला अण्णाचा राग येतो, अजून येतो. लबाड माणूस असता तर बरं झालं असतं. त्याच्या मनात काडीचं वाईट नव्हतं आणि तो मनापासून खूष होता. असल्या खुषीपुढं भांडण उभं राहत नाही. मी सरांना म्हणाले, तुम्ही भांडा, काम तुमचं आहे. ते म्हणाले, "काम झालं, दिलं. आता ते त्यांचं आहे." पुन्हा 'आहे'. मला सरांचाही राग आला. तोही अजून गेलेला नाही.

थोड्याच दिवसांत सोलापूरचा बोर्डही उतरला. सगळीकडं एकच पाहिजे, असं पुण्याहून सांगणं आलं. आता मोठ्या रस्त्यावर किल्ली लटकते आणि लोक हॉटेलला 'घी की' म्हणतात. पोरं वाकून फोटो काढत नाहीत. किल्लीसारखं वाकता येत नाही कुणाला. जुना बोर्ड मी हॉटेलच्या मागच्या अंगाला पाहिला. जनरेटरवर पाऊस पडू नये म्हणून आडवा टाकला होता. 'घे' काजळीत बुडालेला, 'की' तेवढा बाहेर डोकावत होता, आडवा पडल्यामुळं वाकलेली बाई आता झोपलेली दिसत होती. मी सरांना म्हटलं, आपण मागून आणू. ते म्हणाले, "नको. ऑफिसमध्ये जागा नाही."

जागा भरपूर होती.

त्यानंतर सर बदलले, असं म्हणायची पद्धत आहे. पण ते हळूहळू बदलले असते तर मला एवढं लागलं नसतं. त्यांनी एका दिवसात 'की' सोडला, लोक तंबाखू सोडतात तसा. 'हितं'चं 'इथे' झालं, 'न्हाय'चं 'नाही'. छापील पुस्तकासारखं बोलायचे, प्रत्येक शब्द तपासून, चुकू नये म्हणून जपणाऱ्या माणसासारखं. मला बार्शी म्हणणंही थांबलं. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. वाढदिवसाचे फ्लेक्स गिऱ्हाईक सांगेल तसे करून द्यायला लागले. कार्यकर्ते म्हणायचे, सर आता लई सुधारले. "मुकुट हवा? देऊ," असं त्यांनी एका कॅफेवाल्याला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. शेंगांची पुडी टेबलावर नसायचीच. राग येत नव्हता, मग शेंगा कशाला. पुढं मी दुसरीकडं नोकरी धरली आणि त्या जिन्यावरून शेवटची उतरले. निरोप देताना ते म्हणाले, "येत जा." पूर्वीचे सर म्हणाले असते, "येत जा की." तो एक शब्द नसला की येत जा म्हणजे जा एवढंच उरतं.

परवा नवी पेठेत साडी घ्यायला गेले होते. दुपार झाली, भूक लागली, पाय आपोआप मागच्या बोळाकडं वळले. खाणावळ तशीच. अण्णानं आईला नव्या हॉटेलात नेऊन बसवायचा, तिचा फोटो भिंतीवर लावायचा घाट घातला होता म्हणे. ती गेली नाही. तिला त्या किल्लीबद्दल काही माहीत नाही. बोर्डाबद्दलही कधी काही माहीत नव्हतं. तिला वाचता येत नाही.

कोपऱ्यातल्या बाकावर सर बसले होते. वाळले होते. माझ्याकडं पाहून मान हलवली, ओळख देण्यापुरती. मी समोरच्या बाकावर बसले. अव्वा चटणीचा वाडगा घेऊन त्यांच्या पानाशी आली आणि वाकली. आता तिला वाकायला कष्ट पडत नाहीत, ती कायमचीच वाकलेली आहे.

"घे की."

सरांनी ताटावर हात आडवा धरला. "नको," ते म्हणाले. "माझं पोट भरलं आहे."

'साकु' नाही, 'अव्वा'ही नाही. अव्वा हलली नाही. तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, ऐकू नीट आलं का अशा शंकेनं.

"असं का बोलायलास रे? कुणासंगं बोलायलास? मी हाय की."

सरांनी हात काढला नाही. आणि अव्वा तरी कुठं ऐकणारी. तिनं भरला चमचा तसाच खाली केला आणि चटणी त्यांच्या हातावर पडली. बोटांच्या फटीतून लाल तेल ओघळून ताटात उतरलं. अव्वाला हसू आलं. पूर्वी असं झालं की सर तो हात चाटायचे आणि पुन्हा पुढं करायचे. तिला तेच अपेक्षित होतं. मलाही.

सर उठले. कोपऱ्यातल्या नळाशी गेले, साबण घेतला आणि हात धुवायला लागले. आधी पंजा, मग एकेक बोट, मग नखं. पाणी स्वच्छ पडायला लागलं तरी ते नखं घासत होते. अव्वा वाडगा धरून त्यांच्या रिकाम्या पानाशी तशीच वाकून उभी होती.